करी रोडचा पूल आणि शोकांतिकेचा प्रश्न

काही शब्द वर्तमानपत्रांच्या हाती पडून गुळगुळीत होतात. ‘शोकांतिका’ हा त्यांतलाच एक. क्रिकेटचा संघ जिंकता जिंकता हरला, की शोकांतिका. रस्त्यावरचे खड्डे बुजले नाहीत, की नागरिकांची शोकांतिका. एखाद्या पुढाऱ्याला तिकीट नाकारले गेले, तर त्याच्या राजकीय जीवनाची शोकांतिका. मी आयुष्यभर मराठी शिकविले असल्यामुळे असे मथळे वाचून मनातल्या मनात लाल शाईचे पेन उघडण्याची खोड मला जडली आहे. परंतु २९ सप्टेंबर २०१७ च्या दुर्घटनेच्या बातम्यांत हाच शब्द वाचला, तेव्हा ते पेन उघडवेना. शब्द बरोबर आहे असेही वाटेना आणि चूक आहे असे म्हणण्याचे धैर्यही होईना. त्या अडखळण्यातून हा लेख निघाला आहे.

मी वसईकडचा. परंतु माझी नोकरी झाली ती मुंबई महापालिकेच्या शाळांत आणि त्यांतला मोठा काळ करी रोडच्या आसपास. सकाळची गाडी लोअर परळला सोडायची, ना. म. जोशी मार्गावर यायचे आणि भोंग्यांच्या आवाजात करी रोडचा पूल चढून लालबागच्या अंगाला उतरायचे, हा क्रम अनेक वर्षे चालला. तेव्हा डोळ्यांना दिसत त्या चिमण्या. आज त्याच आकाशात काचेचे मनोरे उभे आहेत. पूर्वीच्या श्रीनिवास मिलच्या जागेवरचा मनोरा तर मान दुखेपर्यंत वर पाहिले तरी संपत नाही.

करी रोडच्या पुढचे स्थानक परळ. तेथून पश्चिम रेल्वेच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाकडे (आता प्रभादेवी) जाणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर त्या शुक्रवारी सकाळी माणसे अडकली. दुसऱ्या दिवशी दसरा होता. पाऊस आला म्हणून खालची माणसे जिन्यात थांबली, वरून गाड्यांची गर्दी येतच राहिली. कोणाच्या तरी डोक्यावरची फुलांची मोळी खाली पडली, ‘फूल गिरा’ असा आवाज उठला आणि तो पुढच्यांना ‘पूल गिरा’ असा ऐकू आला, असे वाचलेल्यांपैकी काहींनी त्या वेळी सांगितले. तेवीस माणसे चेंगरून मेली. पूल जागच्या जागी उभा होता.

त्या ठिकाणी रुंद पूल हवा, ही मागणी नवी नव्हती. रोज तेथून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला ते ठाऊक होते. त्यानंतर जे घडले ते मला अधिक विचार करायला लावते. सैन्याला पाचारण करण्यात आले आणि एल्फिन्स्टन रोड, आंबिवली व आमचे करी रोड अशा तीन ठिकाणी सैन्याने पादचारी पूल उभारले. २७ फेब्रुवारी २०१८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. म्हणजे जे काम वर्षानुवर्षे होत नव्हते ते पाच महिन्यांत झाले. पूल बांधता येत होता, हे तेवीस जणांच्या मरणानंतर कळले. छे, कळले असे तरी कसे म्हणावे? कळलेले आधीही होतेच.

माझे एक स्नेही साहित्यशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्याशी मी हा विषय काढला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘हा अपघात. शोकांतिका नव्हे.’ त्यांच्या म्हणण्याला मोठा आधार आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात शोकांतिकेचे जे विवेचन केले, त्यात केवळ दुःखद शेवट पुरेसा नाही. नायक फार सज्जन नको आणि दुर्जनही नको. त्याच्या हातून काही प्रमाद घडला पाहिजे. त्या प्रमादातून साखळीप्रमाणे एकेक घटना घडत जाऊन भाग्य पालटले पाहिजे. आणि हे पाहताना आपल्या मनात करुणा व भीती जागी होऊन मन निवळले पाहिजे. डोक्यावर कौल पडून माणूस मेला, तर त्यात यांपैकी काय आहे? कौल सैल झाले होते, एवढेच.

या मताला विरोध करणारेही थोर आहेत. रेमंड विल्यम्स या वेल्श समीक्षकाने १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असा प्रश्न केला, की खाणीत गाडला गेलेला कामगार, रस्त्यावरचा अपघात, उद्ध्वस्त झालेले कुटुंब यांना ‘शोकांतिका’ हा शब्द नाकारणारे आपण कोण? ज्या मरणांना आपण ‘निव्वळ अपघात’ म्हणतो, त्यांमागे अनेकदा समाजाची रचना असते. आपल्याला ती पाहायची नसते म्हणून आपण त्याला अपघात म्हणतो. आर्थर मिलर या नाटककाराने तर १९४९ सालीच म्हटले होते, की शोकांतिकेला राजाच नायक लागतो असे नाही. सामान्य माणूसही त्या मानाचा धनी आहे. त्याच्या नाटकातला फिरता विक्रेता हा त्याचा पुरावा.

मला दोन्ही बाजूंचे थोडे थोडे पटते, आणि असे दोन्हींकडे झुकणे पंडितांना आवडत नाही हेही मला ठाऊक आहे.

ॲरिस्टॉटलने ज्याला प्रमाद म्हटले त्याचा मूळ ग्रीक शब्द ‘हमार्तिया’. नेम चुकणे, बाण लक्ष्याला न लागणे, हा त्याचा मूळ अर्थ. आता गंमत अशी, की नव्या कराराच्या ग्रीक संहितेत ‘पाप’ या अर्थी जो शब्द येतो तोही हाच. संत पौल ज्या शब्दाने मनुष्याच्या पापाविषयी बोलतो, त्याच शब्दाने त्याच्या साडेतीनशे-चारशे वर्षे आधी एक तत्त्वचिंतक नाटकातल्या राजाच्या चुकीविषयी बोलत होता. आपण कबुलीजबाबाला जातो तेव्हा आपल्या मनात पाप म्हणजे मोडलेली आज्ञा असते. परंतु नेम धरला होता एकीकडे आणि बाण गेला दुसरीकडे, या अर्थानेही पाप घडते. शोकांतिका मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या पापाविषयी बोलते.

ॲरिस्टॉटलने सांगितलेली आणखी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तो तिला अज्ञानातून ज्ञानाकडे होणारे संक्रमण म्हणतो. आपण तिला ओळख पटणे म्हणू. इडिपस राजा नगरावरच्या अरिष्टाचे कारण असलेला खुनी शोधीत असतो आणि शेवटी कळते, की तो खुनी आपणच. आपल्याकडे कालिदासाने नाटकाच्या नावातच ‘अभिज्ञान’ घातले. दुष्यंताला शकुंतलेची ओळख उशिरा पटते, फार उशिरा. पण मासा अंगठी गिळतो, कोळ्याला ती सापडते आणि अजून काही सावरता येईल इतक्या वेळेत ती राजाच्या हाती येते. संस्कृत नाट्यपरंपरेने दुःखान्त टाळला. भासाचे मानले जाणारे ‘ऊरुभंग’ हा अपवाद सहसा सांगितला जातो. मराठीने मात्र तो बांध लवकरच ओलांडला. कीर्तन्यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ या १८६१ सालच्या नाटकापासून आपल्या रंगभूमीवर ओळख उशिरा पटू लागली आणि मासा अंगठी आणून देईनासा झाला.

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. ते पाहायला गडकरी हयात नव्हते. त्याच वर्षीच्या जानेवारीत ते वारले होते. आपल्यापैकी अनेकांना हे नाटक दारूबंदीचा उपदेश म्हणून ठाऊक आहे. धर्मग्रामाच्या सभागृहात त्यातले प्रवेश त्याच हेतूने होताना मी पाहिले आहेत. पण सुधाकराची कथा नीट वाचली तर दिसते, की त्याला ओळख पटते, एकदा नव्हे. तो बुद्धिमान वकील आहे, त्याला काय घडते आहे हे दिसते, तो दारू सोडतोही. मग तो काम मागायला जुन्या ओळखीच्या प्रतिष्ठितांकडे जातो आणि ते त्याला झिडकारतात. त्यानंतरचा प्याला सुधाकराचा असला तरी तो भरण्यास आणखी काही हात लागले आहेत. आपल्या गावांतही अशी घरे आहेत. आपण त्या माणसाला बेवडा म्हणतो आणि त्याच्या बायकोला सिंधू म्हणतो. परंतु ज्या दाराशी तो शेवटचा शुद्धीवर असताना आला होता, ते दार कोणाचे, हे कोणी विचारीत नाही.

‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर सगळे मुलांना देऊन टाकतात आणि मग दाराबाहेर पडतात. १९७० साली शिरवाडकरांचे हे नाटक आले आणि डॉ. श्रीराम लागूंनी ते उभे केले. त्याविषयी इतके लिहिले गेले आहे, की मी त्यात भर घालीत नाही. मुले दुष्ट आहेत असा त्याचा अर्थ सर्रास घेतला जातो. मला तो अपुरा वाटतो, एवढेच नोंदवितो.

करी रोडच्या परिसराला नाटक परके नव्हते. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ सालचे, ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचे. २०२३ साली पुनर्बांधणीसाठी ते बंद होईपर्यंत गिरणीकामगारांच्या कित्येक पिढ्यांनी तेथे नाटके पाहिली आणि केलीही. पाळी संपवून तालमीला जाणारे, हातांना कापसाचा वास असलेले राजे आणि सेनापती मी पाहिले आहेत. आमच्या शाळेतल्या मुलांचे वडील असत ते. आणि मग १९८२ सालच्या १८ जानेवारीपासून या सर्व माणसांवर, नाटकाबाहेर, एक नाटक सुरू झाले.

गिरणी संपाचा इतिहास येथे सांगण्याचे कारण नाही. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. मान्यताप्राप्त संघटनेवर त्यांचा विश्वास उरला नव्हता आणि १९४६ च्या कायद्यामुळे तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाशी बोलायला मालक व सरकार बांधलेले नव्हते. संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला. पुढे गिरण्यांच्या जमिनींविषयी १९९१ साली नियम झाला, त्यात एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी आणि एक हिस्सा सार्वजनिक घरांसाठी ठेवला होता. २००१ साली त्यात बदल होऊन ते हिस्से आकसले. काचेचे मनोरे कसे आले, याचे अर्धे उत्तर तेथे आहे.

जर्मन तत्त्वज्ञ हेगेल याने शोकांतिकेविषयी असे म्हटले आहे, की सत्य आणि असत्य यांचा झगडा ही खरी शोकांतिका नव्हे. दोन सत्ये एकमेकांवर आदळतात तेव्हा ती घडते. त्याचे आवडते उदाहरण सोफोक्लीसच्या अँटिगनीचे. बहीण भावाच्या प्रेताला मूठमाती देऊ पाहते, राजा राज्याच्या कायद्याने ती नाकारतो. मी हे महाविद्यालयात वाचले होते आणि मला ते नीट कळले नव्हते. ते कळले करी रोडच्या एका चाळीत. तेथे शेजारशेजारच्या दोन खोल्यांत दोन सख्खे भाऊ राहत, दोघेही एकाच गिरणीत. संपाला दहा महिने होत आले तेव्हा धाकटा भाऊ पोलिसांच्या बंदोबस्तात गिरणीत परत गेला, कारण त्याचे तान्हे मूल आजारी होते. थोरला गेला नाही, कारण त्याने शब्द दिला होता आणि त्याच्या शब्दावर आणखी चारजण घरी बसले होते. मधली भिंत फळ्यांची होती. एकाच्या घरी पगार आला की दुसऱ्याच्या घरी नाण्यांचा आवाज ऐकू जाई. ते भाऊ पुन्हा बोलल्याचे मला माहीत नाही. कोणाचे चुकले?

या थोरल्या भावाचा मुलगा माझ्या वर्गात होता, सातवीत. चलाख, अक्षर सुंदर, वाचताना शब्दांवर बोट ठेवण्याची सवय. त्याची आई खानावळ चालवीत असे. गिरणगावात बिऱ्हाड गावी ठेवून आलेल्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवण घालणाऱ्या बायका चाळीचाळीतून होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढले ते अशाच बायकांसाठी. संप सुरू झाल्यावर जेवणारे हळूहळू कोकणात, घाटावर परतले आणि खानावळीच्या पाट्यावर वाटण कमी कमी होत गेले. दिवाळीच्या सुटीनंतर हा मुलगा शाळेत आला नाही. त्या वर्षी पटावरची बरीच मुले अशी गळाली होती. पटपडताळणीत गैरहजर मुलांची संख्या जास्त दिसली की वरून विचारणा होत असे, म्हणून ठरावीक मुदत उलटली की त्यांची नावे कमी करीत. मीही केली. शाळेपासून ती चाळ चार-पाच मिनिटांच्या वाटेवर होती. मी गेलो नाही. साडेपाचची वसईची गाडी चुकली की पुढची फार भरलेली असे. कारण म्हणून लिहितो, समर्थन म्हणून नव्हे.

१९९१ च्या पावसाळ्यात टोळ्यांच्या वैरात मारल्या गेलेल्या एका तरुणाची बातमी चार ओळींत आली होती. आडनाव आणि चाळीचे नाव वाचून मी ओळखले आणि दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो. पाया पडायला आलेल्या त्या माउलीला मी जे सर्वजण म्हणतात तेच म्हणालो, ‘देवाची इच्छा.’ ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘गुरुजी, देवाची इच्छा म्हणू नका. गिरण काय देवान बंद केली?’ मी गप्प बसलो. परत येताना मला तिचा थोडा रागच आला होता, हे लपविण्यात अर्थ नाही. दुःखाने माणूस देवावर रुसतो, असे मी स्वतःला समजाविले. वास्तविक ती देवावर रुसली नव्हती. ती देवाला आरोपातून मुक्त करीत होती. मी, प्रार्थना म्हणणारा माणूस, त्याच्यावर आरोप ठेवीत होतो.

१९९७ साली जानेवारीच्या १६ तारखेला डॉ. सामंत यांचा पवई येथे गोळ्या घालून खून झाला. संपाला पंधरा वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस उरले होते. त्याच वर्षी जयंत पवार यांचे ‘अधांतर’ रंगभूमीवर आले. पवार गिरणगावातच वाढलेले. (२०२१ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. त्यांच्या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता, आणि याच नाटकावरून २०१० साली चित्रपटही निघाला.) एका चाळीतली एक खोली, गेलेला गिरणीकामगार बाप, आई, तीन मुलगे, एक मुलगी. प्रत्येकाला वेगळ्या दिशेने त्या खोलीबाहेर पडायचे आहे आणि कोणालाच वाट सापडत नाही. एक मुलगा गुंडांच्या नादी लागतो. मी दादरला ते नाटक पाहिले. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ मध्यंतरात म्हणाले, ‘फार उदास आहे हो.’ मला उदास वाटले नाही. मला घाम फुटला होता.

रंगमंचावरचा तो मुलगा जेव्हा जेव्हा दारातून आत येई, तेव्हा मला बातमीतला तरुण दिसत नव्हता, सातवीच्या वर्गातले शब्दांवर ठेवलेले बोट दिसत होते. आणि त्या बोटापाशी माझी लाल शाईची रेघ. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे पट्टी ठेवून मी ती ओढली होती, अगदी सरळ. पंधरा वर्षांत मला ती एकदाही आठवली नव्हती. ज्याला मी देवाची इच्छा म्हणालो होतो, त्यातला एक बारीकसा भाग माझ्या हस्ताक्षरात होता.

मी ती रेघ ओढली नसती तर तो मुलगा वाचला असता, असा माझा दावा नाही. तो अहंकारच ठरेल. बंद गिरण्या, रिकामी खानावळ, टोळ्या, पैसा, यांपुढे एका मास्तराची भेट ती काय! पण शोकांतिका हिशेबाच्या वहीसारखी टक्केवारी विचारीत नाही. ती एवढेच विचारते, की तुला दिसू शकत होते, तेव्हा तू पाहिलेस का. त्या पुलाबाबतही तेच आहे. तेथे राजा नव्हता, गर्व नव्हता, शाप नव्हता, फायली होत्या. आणि फायलींवर सह्या करणारी, माझ्यासारखीच, साडेपाचची गाडी पकडणारी माणसे होती. प्राध्यापकमित्रांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘मग हा अपघात नव्हे, पण नायकाशिवाय शोकांतिका कशी?’ मी म्हणालो, नायक पुष्कळ आहेत, म्हणून दिसत नाही. हे उत्तर त्यांना चमत्कृतिपूर्ण वाटले. असेलही.

येथे आपल्या श्रद्धेचा प्रश्न उभा राहतो. जॉर्ज स्टायनर या विद्वानाने १९६१ साली शोकांतिकेच्या मृत्यूविषयी लिहिताना असे मत मांडले, की ख्रिस्ती जीवनदृष्टी शोकांतिकेच्या विरोधी आहे. जिथे उद्धाराची आशा आहे, तिथे अंतिम नाश नाही. डान्टेने नरकापासून स्वर्गापर्यंतच्या आपल्या काव्याला ‘कॉमेडी’ म्हटले ते याच न्यायाने. पास्काच्या जागरणविधीत तर आपण आदामाच्या अपराधाला भाग्याचा म्हणतो. मग आपण ‘अधांतर’ पाहावे ते कशाला? शेवट गोड आहे हे ठाऊक असलेल्या माणसाने रडावे ते कशाला?

माझे उत्तर असे, की शुभवर्तमान वाचणाऱ्याला हा प्रश्न इतका सोपा राहत नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशू एका दुर्घटनेचा उल्लेख करतो. शिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती असे तुम्हांला वाटते का, असे तो विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. पण तेथे थांबत नाही. तो ऐकणाऱ्यांकडे वळतो आणि त्यांना पश्चात्ताप करायला सांगतो. हे मला पूर्वी विसंगत वाटे. अठरा जणांचा दोष नाही, तर आम्ही पश्चात्ताप कशाचा करायचा? एल्फिन्स्टनच्या पुलानंतर मला ते थोडे समजले असे वाटते. मेलेल्यांच्या पापाचा शोध घेऊ नका. बुरूज अजून उभे आहेत, तुम्ही त्यांच्या पायथ्याशी आहात. त्याच वर्षाच्या २९ डिसेंबरला, करी रोडपासून हाकेच्या अंतरावर, कमला मिलच्या आवारातल्या आगीत चौदा जण मेले. तीन महिने झाले होते, बरोबर तीन.

ईयोबाचे मित्र त्याच्या शेजारी सात दिवस आणि सात रात्री मुकाट बसले होते. त्यांनी केलेले तेवढे एक काम चांगले होते. पुढे ते बोलू लागले आणि देवाची बाजू मांडता मांडता देवाच्याच रोषाला पात्र झाले. माझ्या त्या १९९१ च्या भेटीत सात मिनिटेही मला गप्प राहवले नाही. उत्तम शुक्रवार आणि पास्काचा रविवार यांच्यामध्ये एक शनिवार आहे. त्या दिवशी मिस्सा नसते, वेदी उघडी असते. पुत्राचे प्रेत मांडीवर घेतलेल्या मरियेला त्या शनिवारी कोणी रविवारविषयी सांगितल्याची नोंद शुभवर्तमानात नाही. शोकांतिका त्या शनिवारची आहे. तो दिवस गाळून रविवारी पोहोचता येते असे मला वाटत नाही.

आणखी एक. प्रभूला सोडणारे शिष्य तसे सगळेच, पण ओळख पटल्याची दोन ठळक चित्रे आपल्याला दिली आहेत. कोंबडा आरवतो आणि पेत्राला कळते. यहूदालाही कळते, तो तीस नाणी घेऊन परत जातो आणि मी निरपराध रक्ताचा घात केला असे कबूल करतो. पश्चात्ताप दोघांनाही झाला. लहानपणी धर्मशिक्षणात आम्हांला फरक असा सांगत, की यहूदाने आशा सोडली. ते खरेच आहे. परंतु तो कोणाकडे गेला, तेही पाहिले पाहिजे. तो मुख्य याजकांकडे गेला, आणि ते म्हणाले, आम्हांला त्याचे काय, तुझे तू पाहा. पेत्र रडला आणि इतर शिष्यांत परतला, जे त्याच्याइतकेच पळपुटे होते. ओळख उशिरा पटते, हे तर आहेच. त्यानंतर पाय कोणत्या दाराकडे वळतात, हे नाटकात पडदा पडल्यामुळे राहून जाते.

या विचाराने मी १९९८ च्या प्रायश्चित्तकाळात त्या बाईचा शोध घेतला. करी रोडची खोली तिने केव्हाच विकली होती. नवरा गावीच वारला होता. मुलीकडे, दिव्याला, ती राहत होती. तिने मला ओळखले, मोरीवर जाऊन हात धुतले, स्टोव्हवर चहाचे आधण ठेवले. मी वाटेत जुळविलेली वाक्ये विसरून गेलो आणि सरळच सांगितले, की त्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेत येत नव्हता, आणि मी चौकशीला आलो नाही, त्याचे नाव पटावरून कमी केले.

‘खयच्या दिवसापासून?’ तिने विचारले.

सुटी संपली त्या सोमवारपासून, २९ नोव्हेंबर, मी म्हणालो.

ती बोटांवर काहीतरी मोजू लागली. मग म्हणाली, ‘ह्यांका गावाक धाडलंय, त्याच आठवड्यात.’ आणि थोड्या वेळाने, ‘पण तो रोज दप्तर घेऊन जायचो, गुरुजी. मे महिन्यात म्हणालो, नापास झालंय. मी त्येका मारलंय तेव्हा.’

मी काही बोललो नाही. या वेळी बोललो नाही.

‘आणि दर शनवारी धा रुपये आणून देयचो,’ ती म्हणाली. ‘संपवाल्यांच्या पोरांका शाळेतसून मिळतत, म्हणायचो. गुरुजी देतत, म्हणायचो.’

चहा तिने दोन कपांत गाळला होता. तो तसाच राहिला.